गहाळ फर्म्यातली सोळा पानं

साकीनाक्याला गाळ्यांची एक लांबलचक रांग आहे. कुठं लेथ फिरतो, कुठं प्लास्टिक वितळतं, कुठं पत्रा कापला जातो. त्या सगळ्या आवाजाच्या पोटात एक गाळा गुपचूप पुस्तकं शिवत बसतो. तिथं लाकडी फळीवर मांडी घालून सुईत दोरा ओवणारा माणूस तीस वर्षं तोच आहे. अंबादास खिल्लारे. जालन्याच्या बाजूला, मंठ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातून तो एकोणिसाव्या वर्षी आला आणि या फळीवर बसला तो बसलाच. त्याच्या बोटांत मैद्याच्या खळीचा वास इतका मुरलाय, की तो भाकरी मोडतो तेव्हा भाकरीलाही लागतो, असं त्याची बायको जया म्हणते.

शिक्षण नववी नापास. पण असल्फ्याच्या चढावर, जिथं त्याचं घर आहे, तिथं त्याला कुणी नावानं हाक मारत नाही. सर म्हणतात. भाजीवाला म्हणतो, विहारातले म्हातारे उपासक म्हणतात, पोरं तर म्हणतातच. दर रविवारी सकाळी वंदना आटोपली की विहारातली सतरंजी तशीच ठेवतात आणि वस्तीतली बारा-पंधरा मुलं तिच्यावर बसून राहतात. मग अंबादास निळ्या फडक्यात गुंडाळलेलं एक जाड पुस्तक पिशवीतून काढतो, गाठ सोडतो, चष्मा पुसतो, आणि इंग्रजी शब्दांची भावकी सांगायला लागतो.

भावकी हा त्याचाच शब्द.

"गावाकडं आपण कसं विचारतो," तो मुलांना सांगायचा, "हे घर कुणाचं, आजा कोण, पणजा कुठनं आला. तसंच शब्दाला विचारायचं. हॉटेल, हॉस्टेल, हॉस्पिटल, ही तिघं चुलतभावंडं. मूळ घर एकच, पाहुण्याला टेकायला जागा देणारं. आणि आणखी मागं गेलात तर तिथंच गेस्ट म्हणजे पाहुणा निघतो, आणि होस्टाइल म्हणजे वैरीही तिथनंच निघतो. कारण वेशीवर अनोळखी माणूस उभा राहिला की आधी कळत नाही, हा जेवायला आलाय का लुटायला."

पोरं हसायची. तो गुरांचं सांगायचा: कॅटल म्हणजे ढोरं आणि कॅपिटल म्हणजे भांडवल, दोघांचा मूळ पुरुष एकच, डोकं. डोकी मोजायची आणि माणूस किती मोठा ते ठरवायचं. जिरायती रानात वाढलेल्या माणसाला यात नवल ते काय वाटणार. ज्या इंग्रजीला भिऊन तो एकेकाळी दुकानाच्या पाट्यांखालून मान घालून चालायचा, तिलाही आजे-पणजे आहेत, तिच्याही लेकी दूरदेशी नांदतात, हे कळलं त्या दिवसापासून त्याची भीती गेली होती, आणि तेवढंच त्याला मुलांना द्यायचं होतं.

चेतना या वर्गाला आली तेव्हा सात वर्षांची होती. बाप रिक्षा चालवतो, आई डबे करते. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं, "सर म्हणजे काय, सर?"

अंबादासनं पुस्तक चाळलं. "सर आणि सीनियर एकाच घरचे. वयानं मोठा, एवढंच. शहाणा असं काही लिहिलेलं नाही."

तेव्हा तोही मुलांबरोबर हसला होता.

पुस्तकाची गोष्ट अशी. वीस वर्षांपूर्वी कुठल्याशा बंद पडलेल्या वाचनालयाचे गठ्ठे बांधणीला आले. त्यात इंग्रजी शब्दांच्या मुळांचा हा कोश होता. उघडून पाहिला तर पी या अक्षरातला एक फर्मा, म्हणजे एकत्र घडी घालून शिवलेली सोळा पानं, अख्खा गहाळ. गिऱ्हाईक म्हणालं, हे भंगारात टाका. अंबादासनं ते मागून घेतलं. त्याला काम शिकवणारे दत्ताराम मेस्त्री, मालवणकडचे, तेव्हाच साठीला टेकलेले. त्यांनी मान डोलावली आणि एक गोष्ट बजावली.

"पान गेला तर तितको कोरो कागद घाल. नायतर पाठ वाकडी होता. आणि त्या कोऱ्या पानार बायंडरान अक्षर काढूचा नाय. कोरा पान म्हणजे हय कायतरी होता आणि गेला, ह्या सांगणारा पान. समाजला?"

समजलं होतं. अंबादासनं जुजबंदी शिलाई घातली, म्हणजे फर्म्याला फर्मा दोऱ्यानं जोडला, मरून कापड चढवलं, गहाळ जागी सोळा कोरी पानं शिवली. नऊ वर्षं ती कोरीच राहिली.

मग वर्ग सुरू झाला. तिसऱ्याच रविवारी एका मुलीनं पेन्सिल वर धरली आणि हिची भावकी सांगा म्हणाली. अंबादासनं पुस्तक उघडलं. पांढरं पान समोर आलं. पांढऱ्या पानाकडं बघत तो थांबला, आणि चौदा पोरं त्याच्याकडं बघत थांबली. त्या वेळी दोन शब्द पुरले असते. ते त्याच्या तोंडातून निघाले नाहीत. तो म्हणाला, "पेन हा थोरला भाऊ, पेन्सिल धाकटी बहीण." म्हणताना ते इतकं खरं वाटलं, की घरी जाऊन त्यानं ते कोऱ्या पानावर बारीक, वळणदार अक्षरात लिहून ठेवलं, म्हणजे पुन्हा कुणी विचारलं तर बोलण्यात फरक पडायला नको.

एकदा लिहिल्यावर हात थांबला नाही. पेझंट, म्हणजे शेतकरी, त्याला त्यानं पे शब्दाच्या घरी बसवलं: शेतसारा भरतो तो. मिरीला इंग्रजीत पेप्पर म्हणतात, तिचं नाव साहेबानं त्याच्या मुलखातून इकडं बोटीत घालून आणलं, असं ठोकून दिलं. अकरा वर्षांत सोळातली अकरा पानं भरली. त्या पानांवरून वाचताना त्याचा आवाज किंचित मोठा व्हायचा, आणि पुस्तक तो छातीशी थोडं जास्त धरायचा. मुलांना वाटायचं, सरांना हा भाग जास्त आवडतो.

आता चेतना अठराची झाली होती. गेल्या शुक्रवारी मुलुंडच्या एका कॉलेजात तिची शिष्यवृत्तीची मुलाखत झाली. अंबादासला खात्री होती. रविवारी तो विहारात जरा लवकरच जाऊन बसला. चेतना आली ती तोंड उतरवून, आणि सगळ्यांसमोरच बोलली, कारण त्या वर्गात लपवायची कुणाला सवय नव्हती.

"सर, त्यांनी विचारलं, आवड कशाची. मी शब्दांचं सांगितलं. हॉटेलचं सांगितलं, ढोरांचं सांगितलं. खूश झाले सगळे. मग मी पेन आणि पेन्सिलचं सांगितलं. तर त्या सुलक्षणा मॅडम आहेत ना, त्या म्हणाल्या, हे चूक आहे. मी म्हटलं, नाही मॅडम, पुस्तकात आहे. पुस्तकाचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, ते पुस्तक माझ्याकडे आहे, त्यात असं नाही."

"मग?" अंबादासनं विचारलं.

"मग मी म्हटलं, मी डोळ्यांनी बघितलंय. तर त्या म्हणाल्या, चुकणं ठीक आहे गं, पण पुस्तकाच्या नावावर खपवणं बरं नाही. सगळ्यांदेखत. माझी फाइल बाजूला ठेवली त्यांनी. सोमवारी संध्याकाळपर्यंत ते पुस्तक आणून दाखव म्हणाल्या. फोटो नको, पुस्तकच."

विशाल नावाचा दहावीतला एक पोरगा मघापासून मोबाइलमध्ये डोकं घालून होता. "सर, इकडे पण वेगळंच दाखवतंय. पेन म्हणजे पीस, पक्ष्याचं. आणि पेन्सिल म्हणजे..."

"ए, गप ना," चेतना त्याच्यावर खेकसली. "मोबाइलवर कायपण असतं. सरांचं पुस्तक छापलेलं आहे. तुझ्या जन्माच्या आधीचं."

अंबादासला वाटलं, विहाराची फरशी दुभंगली असती तर बरं झालं असतं. पिशवी त्याच्या पायाशीच होती. निळं फडकं वरूनच दिसत होतं.

"पुस्तक कारखान्यात आहे," तो म्हणाला. "शिवण उसवली म्हणून नेलंय." आणि बोलता बोलता त्यानं टाचेनं पिशवी मागं, भिंतीकडं सरकवली.

"मग उद्या मी दुपारी गाळ्यावर येते. दोघं जाऊ, सर. तुम्ही असलात की त्या काही बोलायच्या नाहीत."

तो वर्ग त्यानं कसा संपवला हे त्याला आठवत नाही. घरी आला आणि खाटेवर बसला. जया तांदूळ निवडत होती. तिनं एकदा त्याच्याकडं आणि एकदा पिशवीकडं पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं फारसं, पण छापील आणि हातचं यातला फरक कळायला वाचता यावं लागत नाही. त्यानं विहारात झालेलं सांगितलं, तिनं सगळं ऐकून घेतलं.

"ती पोरगी खोटी ठरली म्हणा की."

"हं."

"तुमच्यापायी."

त्यानं पिशवी खाटेखाली सरकवली.

"अहो, मला एक सांगा," जया सूप आपटून म्हणाली, "मला माहीत नाही, एवढं म्हणायला तुमचं काय दुखत होतं? मी पंचवीस वर्षं दवाखान्यात झाडू मारते. तिथले मोठे डॉक्टर म्हणतात, बघावं लागेल. त्यांची काय इज्जत जाते?"

"ते डॉक्टर आहेत, जया. त्यांचं नाही जात. माझ्याकडं दुसरं होतं काय?"

जयानं सूप उचलून कोपऱ्यात ठेवलं. जेवायला वाढताना ती त्याच्याकडं बघत नव्हती, आणि त्याला ते बरंच वाटलं.

सोमवारी सकाळी गाळ्यावर त्यानं पुस्तक फळीवर ठेवलं आणि धारदार सुरी काढली. विचार साधा होता. आपली सोळा पानं कापायची, नवी कोरी शिवायची, दुपारी मॅडमना दाखवायचं: हे बघा, पान गहाळ आहे, पोरीला आठवणीत घोटाळा झाला असेल. हाताला सवय होती, अर्ध्या तासाचं काम. त्यानं पुस्तक उघडलं. मधल्या टाक्यावर सुरीचं टोक टेकवलं.

दत्ताराम मेस्त्री आता ऐंशीचे. काम होत नाही, पण दहिसरच्या घरून आठवड्यातून दोनदा येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतात. ते उठून जवळ आले, चष्मा कपाळावरून खाली ओढला, आणि पानांवरचं अक्षर बघत राहिले. अंबादासचं अक्षर त्यांना परकं नव्हतं. गाळ्यातल्या चिठ्ठ्या तोच लिहायचा.

"अंबादासा," ते म्हणाले, "ह्या तू कधी केलंस रे?"

अंबादासनं सांगितलं. पोरीचंही सांगितलं. सुरी हातात तशीच होती.

"आता कापतंस?"

"कोरी घालतो परत. तुम्ही सांगितलं होतं तसं."

"मी सांगितलंय ता तेव्हा," दत्ताराम म्हणाले. "आता कोरा घातलंस तर ताय खोटाच." आणि ते स्टुलावर जाऊन पाठ फिरवून बसले. तीस वर्षांत त्यांनी अंबादासला शिव्या घातल्या होत्या, टपल्या मारल्या होत्या, पण पाठ केली नव्हती.

अंबादासनं सुरी ठेवली. पुस्तक फडक्यात बांधलं.

घाटकोपरहून मुलुंडला बसनं जायला तास लागतो. खिडकीशी चेतना बसली होती, मांडीवर पुस्तक. तिनं गाठ सोडली नाही. सरांचं पुस्तक सर उघडतात. भांडुप येईपर्यंत ती बोलत होती. मॅडमचा चेहरा कसा होईल, विशालला कसं दाखवीन, फी भरली गेली तर आई डब्यांचं काम थोडं कमी करेल. अंबादासनं मनाशी ठरवलं होतं, कांजूरला सांगायचं. कांजूर गेलं. मग भांडुपला. भांडुपही गेलं. प्रत्येक थांब्यावर शब्द जिभेच्या टोकाशी यायचा आणि दार बंद झालं की मागं फिरायचा. मुलुंड आलं तेव्हा त्याच्या हातात एकच गोष्ट उरली होती, की ती हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकणार नाही. तेवढंही तो धड करू शकला नाही.

सुलक्षणा मॅडम पन्नाशीच्या, बारीक, चष्म्याला साखळी. त्यांनी बसायला सांगितलं. चेतनानं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि अंबादासकडं पाहिलं. त्यानं गाठ सोडली, पण पान मॅडमनीच काढलं.

त्या वाचत राहिल्या. पान उलटलं. पुन्हा उलटलं. चेतना वाकून बघायला लागली आणि मध्येच थांबली. छापील पुस्तकात शाईचं अक्षर. सरांचं अक्षर. तिच्या वहीवर दर रविवारी शाबास लिहिणारं.

"हे अक्षर कुणाचं?" मॅडमनी विचारलं.

"माझं," अंबादास म्हणाला. तो उभा राहिला होता, का ते त्यालाही कळलं नाही. "पानं गहाळ होती. मी मनानं लिहिलं. पोरीला ठाऊक नव्हतं. तिच्यावर राग धरू नका. ती खोटं बोलली नाही."

मॅडम काही बोलायच्या आत चेतना म्हणाली, "मी बोलले, मॅडम. डोळ्यांनी बघितलंय म्हणाले, ते खोटं होतं. सर वाचायचे, मी फक्त ऐकायचे."

अठरा वर्षांच्या पोरीला ते सांगायला एक क्षण लागला. अंबादासला अकरा वर्षं लागली होती, आणि तेही पकडला गेला म्हणून. त्यानं मान वर केली नाही.

"बसा तुम्ही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी बाजूच्या गठ्ठ्यातून चेतनाची फाइल काढून बाकीच्या फायलींत सरकवली. "चेतना, निकाल पंधरा दिवसांनी. बाकीच्यांसारखाच." मग उठून कपाटातून स्वतःचा कोश आणला, तेच पुस्तक, निळ्या पुठ्ठ्याचं, आणि अंबादासपुढं उघडून ठेवलं. "तुमची पानं. वाचा."

त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ती सोळा पानं छापील पाहिली. पेन पक्ष्याच्या पंखातून आलं होतं, विशाल म्हणत होता तसं. पेन्सिलचं मूळ शेपटी; शेपटीच्या केसांचा बारीक कुंचला, त्यावरून. दोघांचा एकमेकांशी सुतराम संबंध नाही. पेझंट म्हणजे सारा भरणारा नव्हे, नुसता मुलखातला माणूस, गावरान. आणि पेप्पर. त्या शब्दावर त्याचं बोट थांबलं. बारीक अक्षरात मागं मागं जात शेवटी एक संस्कृत शब्द दिला होता. पिप्पली.

पिंपळी. त्याची आई लहानपणी खोकल्याला मधातून चाटवायची ती. म्हणजे हे नाव इथून तिकडं गेलं होतं, समुद्र ओलांडून, किती तरी घरं फिरून. सगळ्या कोशात जी आपल्या घरची लेक होती, तिलाच तो साहेबाच्या नावावर लावून मोकळा झाला होता.

"झेरॉक्स काढून देते," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. "पण एक विचारते. ही खरी असलेली बाकीची सातशे पानं तुम्ही मुलांना इतकी छान सांगितलीत. मग या सोळांसाठी का?"

त्याला उत्तर माहीत होतं. ते सांगण्यासारखं नव्हतं.

"चूक झाली," तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये चेतना त्याच्या शेजारीच बसली, पण पुस्तक या वेळी त्याच्या मांडीवर होतं. ती खिडकीबाहेर बघत होती. भांडुपला अंबादास म्हणाला, "बसमध्ये सांगणार होतो तुला. येताना."

"हं," ती म्हणाली.

घाटकोपरला बस बदलल्यावर असल्फ्याचा थांबा आला. तो विचारात होता, उठला नाही. चेतना उभी राहिली, त्याच्या खांद्याला बोट लावलं.

"काका, उतरायचंय."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. शेजारच्या घरातल्या कुठल्याही माणसाला म्हणावं तसं ती म्हणाली. पुढं उतरून चढ चढायला लागली आणि तो हळू चालतो म्हणून वळणावर थांबली, पण जवळ येईपर्यंत नाही.

रविवारी वंदना झाल्यावर सतरंजीवर नऊ जण होते. विशालनं बातमी पोचवली असणार. चेतना शेवटी आली आणि दारापाशी बसली. अंबादासनं पुस्तक काढलं. आधी ते उघडं कधीच कुणाच्या हातात जात नसे. आज त्यानं ते गहाळ जागी उघडलं आणि पहिल्या मुलाच्या मांडीवर ठेवलं. हातची पानं होती तशीच होती. मॅडमनी दिलेला झेरॉक्सचा गठ्ठा तिथंच, मध्ये, न शिवता ठेवला होता.

"शाईनं लिहिलंय ते मी मनानं लिहिलंय," तो म्हणाला. "ते खोटं आहे. छापलेलं खरं आहे. दोन्ही बघा. मग पुढं द्या."

पोरं आधी हसली नाहीत, मग एक हसलं, मग गप्प झालं. पुस्तक हातोहात फिरायला लागलं.

"सर," विशाल म्हणाला. त्याला तो शब्द सोडायचं सुचलं नव्हतं, की मुद्दाम म्हणाला, कळत नव्हतं. "पिकनिकचं मूळ काय?"

अंबादासनं तोंड उघडलं. काहीतरी छानसं जिभेवर आलंही होतं, गवताचं, शिदोरीचं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "शोध त्या कागदांत. सापडलं तर मला पण सांग."

पुस्तक दारापाशी पोचलं. चेतनानं ते मांडीवर घेतलं आणि झेरॉक्सकडं न बघता शाईचं पहिलं पान वाचायला घेतलं. मग दुसरं. अकराही पानं ती वाचणार होती, सावकाश, ओळीखाली बोट धरून, त्यानंच शिकवलं होतं तसं. अंबादासनं तिच्याकडं पाहिलं नाही. सतरंजीच्या काठाला एक दोरा उसवला होता. तो बोटाभोवती गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत तो तिचं वाचून व्हायची वाट बघत बसला.